सगळ्यांपुरता डबा

देवासला आमच्या बायकांच्या भिशीत कुणाच्याही घरी जेवण ठरलं, की फोनवर पहिली चौकशी एकच असायची : शशीताई काय आणतेय? यात कौतुक नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. जिच्या घरी जेवण असे तिला ओट्यावर एक जागा मोकळी ठेवावी लागायची, एक मोठा चमचा काढून ठेवावा लागायचा, आणि शेवटी तो डबा जवळजवळ भरलेलाच परत देताना काहीतरी गोड बोलावं लागायचं. त्या गोड बोलण्याचा सगळ्यांनाच कंटाळा आला होता. मलाही.

शशीताई आमच्या मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची, मी इतिहास. शाळा हिंदी माध्यमाची, म्हणजे दिवसभर वर्गात हिंदीत ओरडायचं आणि स्टाफरूममध्ये येऊन मराठीत कुरकुरायचं. ती माझ्याहून मोठी, तरी आमचं अगंतुगंच होतं. उंच, रुंद हाडाची, पायात कायम पुरुषी सँडल, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरची मुलगी झोपेतून उठून उभी राहायची. लग्न तिनं केलं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आमच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्या आणि धारला मोठ्या भावाचं घर, एवढं तिचं जग. 'घरी चाललेय' असं ती म्हणाली की धारला चाललीय असं समजायचं. देवासच्या जागेला ती शेवटपर्यंत 'खोली' म्हणत राहिली.

दूध तिनं सोडलं ते पन्नाशी उलटल्यावर. त्याआधी आमच्यात तिच्याइतकी दुधावर जीव टाकणारी दुसरी बाई नव्हती. गवळ्याकडे स्वतः किटली घेऊन जायची, समोर काढलेलंच दूध हवं म्हणून. एका सकाळी ती गेली तर म्हशीचं रेडकू मेलेलं. गवळ्यानं त्याचं कातडं सोलून, आत पेंढा भरून, ते म्हशीपुढे उभं केलं होतं, तिला पान्हा सुटावा म्हणून. आणि म्हैस ते चाटत होती.

हे तिनं मला एकदाच सांगितलं, सहामाहीचे पेपर तपासताना. 'चाटत होती गं,' एवढं म्हणाली आणि पुढचा पेपर ओढला. मी म्हटलं, अगं, सगळेच गवळी करतात हे, त्यात काय एवढं. तर म्हणाली, 'सगळेच करतात, म्हणूनच.' त्या दिवशी तिनं स्टाफरूमचा चहा परत पाठवला. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. माळव्यात राहून, मराठी घरात जन्मून, दूध-दही-तूप सोडायचं म्हणजे खायचं तरी काय माणसानं? आमच्याकडे पोह्यांवरसुद्धा कुणी दह्याची वाटी पुढे करतं.

सुरुवातीला ती भाषणं द्यायची. शिक्षक जातीला तो रोगच असतो. मग कळलं तिला, की भाषणानं लोक ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जातात. तेव्हापासून बोलणं बंद आणि डबा सुरू. पण डबा कधी एकटीपुरता नाही. वीस माणसं असोत की तीस, डबा सगळ्यांना पुरेल एवढा. मी एकदा वैतागून म्हटलं, अगं, कुणी खात नाही ते तुला दिसतंय, मग हा रांधा उपसतेस कशाला? स्वतःपुरतं आण आणि गप खा. तर म्हणाली, 'स्वतःपुरतं नेलं तर ते पथ्य झालं. सगळ्यांपुरतं नेलं तर जेवण.'

डबा उघडून ठेवला की ती त्याच्याजवळच उभी राहायची, झाकण हातात धरून. जेवायला बसायची नाही. लोक वाढून घेत घेत जवळ येतायत, चमच्याकडे हात जातोय, थबकतोय, पुढच्या भांड्याकडे वळतोय, हे सगळं बघत उभी. 'खाऊन तर बघा, मग नावं ठेवा,' हे तिचं ठरलेलं वाक्य. बायका ओशाळं हसून अर्धा चमचा घ्यायच्या आणि तो ताटाच्या कडेला तसाच ठेवून उठायच्या. माझा अगदी जीव जायचा तेव्हा. तिची कीव यायची आणि तिचा रागही यायचा.

पदार्थ सगळेच चांगले व्हायचे असं नाही हां. काजूचं श्रीखंड म्हणून तिनं एकदा जे काही आणलं होतं, ते शत्रूलाही वाढू नये. नारळाच्या दुधातल्या बासुंदीपायी तर माझ्या नवऱ्यानं माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं होतं. पण शेंगदाण्याचं दही लावून त्याची कढी करायची, ती मात्र फक्कड. आणि त्याच कढीनं घात केला.

आमच्या गटातल्या एकीचं टोंकखुर्दकडे शेत आहे, तिथे दाल-बाफल्यांची पार्टी होती. यजमान मंडळीही आलेली. गोवऱ्यांच्या आरावर बाफले, म्हणजे उकडलेले कणकेचे गोळे, भाजून झाले आणि स्वयंपाकी महाराज ते तुपाच्या पातेल्यात बुडवायला लागला, तशी शशीताई जाऊन म्हणाली, मेरे दो अलग निकाल दो भिया. तो बिचारा घाबरलाच. बिना घी का बाफला मेरे हाथ से नहीं दिया जाएगा दीदी, म्हणाला. शेवटी तिनं स्वतःच चिमट्यानं दोन काढून घेतले. तिची कढी मात्र त्या दिवशी चालली. कुणाला ठाऊकच नव्हतं ना. एकीचे यजमान, मोठे चवीनं खाणारे गृहस्थ, तिसरी वाटी पुढे करून म्हणाले, वा, ताक कुठलं हो हे?

मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. गप बस म्हणून अगदी विनवलं डोळ्यांनी. 'ताक नाहीये, शेंगदाणे आहेत,' ती म्हणाली.

त्यांनी वाटी खाली ठेवली. मग त्यांच्या पोटात कसंतरी व्हायला लागलं, मग आणखी दोघींच्या, आणि निघेपर्यंत निम्म्या पार्टीला पित्त झालं होतं. परतताना मी तिला फाडफाड बोलले. म्हटलं, खात होते ना मुकाट, कुणी सांगितला होता खरेपणा? 'त्यांना खाऊ घालायचंय मला,' ती म्हणाली, 'चकवायचं नाहीये.' आणि मांडीवरचा कढीचा डबा सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसून राहिली.

एक गंमत सांगते. आम्ही मराठे, आमच्याकडे मटणाच्या पंगती उठतात. शशीताई ब्राह्मणाची, तरी माझ्या मुलाच्या वाढदिवसाला डबा घेऊन आली, आमच्या लोकांत बसली, आपलं खाल्लं. आमच्यातल्या कुणी तिला एक शब्द बोललं नाही. बरं, नसेल चालत तिला, असं म्हणून माझ्या दिरानं तर तिच्यासाठी वांगी भाजली. तिला छळलं ते तूप खाणाऱ्यांनी. तिनं दूध नाकारलं की त्यांना वाटायचं, ही आपल्याला पापी म्हणतेय.

आणि या सगळ्यांत वरचढ तिचा भाऊ. धारचे दादासाहेब. संस्थानच्या काळापासून दरबारात कारकुनी केलेलं घराणं, स्वतः कोर्टातून निवृत्त, बोलणं मोजकं आणि ठाम. भाद्रपदात त्यांच्याकडे महालक्ष्म्या बसतात आणि पुरणाचा सगळा स्वयंपाक वर्षानुवर्षं शशीताईच्या हातचा. घरची लेक म्हणून तिचा तो मानच होता. दूध सोडल्यावर पहिल्याच वर्षी तिनं स्वयंपाक सगळा केला, तूप लावून पोळ्यासुद्धा लाटून-भाजून दिल्या, फक्त स्वतःचं पान वाढताना वहिनींना हळूच म्हणाली, मला तूप-दूध वगळून वाढा. दादासाहेबांनी ते ऐकलं. भरल्या पंक्तीत म्हणाले, देवीच्या नैवेद्याला नाक मुरडणाऱ्या बाईनं माझ्या घरी जेवायला बसू नये.

येऊ नये असं ते म्हणाले नव्हते. पण आपल्या लोकांत त्याचा अर्थ तोच. पुढच्या भाद्रपदात बोलावणं आलं नाही. वहिनी गच्चीवरून हळू आवाजात फोन करायच्या, तेवढाच काय तो धागा. शशीताई धारचं नाव काढायची बंद झाली. मात्र कोणी 'घरी जाताय का सणाला?' असं विचारलं की तिचा चेहरा असा व्हायचा की विचारणारीच खजील होऊन विषय बदलायची.

एकदा तापानं पडली होती, मी पेज घेऊन गेले, तेव्हा बोलली. 'दादानं एकदा माझ्या डब्यातलं खाल्लं ना, दूध नाही हे माहीत असून खाल्लं, की मला पुन्हा घरी जाता येईल.' मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या भिशीत ती जे काही आणायची, ती सगळी धारची तालीम होती. आमच्या नकाराची तिला फारशी पर्वाच नव्हती, ती फक्त हात बसवत होती.

असं बरंच चाललं. मग दादासाहेबांची पंचाहत्तरी आली. त्यांचा मुलगा मिलिंद, स्वभावानं अगदी गरीब, त्यानं फोन केला, आत्या, तुम्ही यायचंच. शशीताईनं विचारलं, मी डबा आणला तर चालेल? दादाला आधी विचार, आणि त्यात दूध-तूप नाही हेही सांग. मिलिंदचा दुसऱ्या दिवशी फोन आला. बाबा म्हणाले, आणू दे, बघू.

'बघू म्हणाला,' ती मला सांगत आली. नुसत्या त्या एका शब्दावर ती आठवडाभर तरंगत होती. काय न्यायचं यावर आमची खलबतं झाली. शेवटी ठरला भुट्ट्याचा कीस. दादासाहेबांचा लहानपणापासूनचा जीव की प्राण, दिवसही कोवळ्या भुट्ट्यांचे. आता माळव्याबाहेरच्यांना सांगायला हवं : भुट्टे, म्हणजे मक्याची कणसं, किसायची, तो कीस तुपावर खमंग परतायचा आणि मग दुधात शिजवायचा. दुधावाचून कीस ही कल्पनाच आमच्याकडे कुणाला सुचणार नाही. तिनं तो दाण्याच्या तेलात परतला, नारळाच्या दाट दुधात शिजवला, हिंग-मोहरी-मिरची, वरून लिंबू. पाहुण्यांच्या हिशेबानं भुट्टे किसायचे म्हणजे पोतंभर. मीही बसले किसायला. माझी बोटं सोलली, पण तिच्या तोंडावरचा तो आनंद बघून मी हूं की चूं केलं नाही. आणि चाखून पाहिला तेव्हा खरंच सांगते, इतका चांगला कीस मी दुधातलाही खाल्ला नव्हता.

मी सोबत गेले. इंदूरला बस बदलून धारला पोहोचेपर्यंत उन्हानं आणि गचक्यांनी कीस आळून पार घट्ट गोळा झाला होता. वहिनी दारातच तिच्या गळ्यात पडून रडल्या, डबा तिच्या हातून घेतला आणि म्हणाल्या, तुम्ही आधी दादांना भेटा, मी हे गरम करून आणते. शशीताई माजघरात जाऊन भावाच्या पाया पडली. ते 'आलीस' म्हणाले. तिला तेवढंही खूप झालं.

पंगत बसली. शशीताई वाढायला उभी राहिली, बसेना. कीस वहिनींनीच वाढला. दादासाहेबांनी ताटाकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, आणि एक घास घेतला. मग दुसरा. सगळं माजघर त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी वाटी पुढे करून पुन्हा मागून घेतला आणि मान हलवत म्हणाले, 'शशे, हरलो गं मी. दुधावाचून होतो म्हणजे कीस.'

ती भिंतीला टेकली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला लिहिता येणार नाही. त्यांनी तिला जवळ बोलावलं, शेजारच्या पाटावर बसवलं आणि आपल्या ताटातला एक घास उचलून तिच्या तोंडाशी नेला. लहानपणी भरवायचे तसा.

तेवढ्यात मागून वहिनी आल्या, डोळे पुसत, हसत. 'वन्सं, फार आळला होता हो, म्हणून वाटीभर दूध घातलं आणि वरून थोडं तूप सोडलं. आता कसा मऊ झालाय बघा.'

त्यांच्या मनात काही नव्हतं, शप्पथ. कीस आळला की गरम करताना दुधाचा हबका मारायचा, हे माळव्यातल्या कुठल्याही बाईच्या हातालाच माहीत असतं, डोक्यापर्यंत जायची वेळच येत नाही. त्यातून नणंद इतक्या वर्षांनी घरी आलेली, तिचा पदार्थ सगळ्यांसमोर चांगला दिसावा म्हणून त्यांनी जीव ओतला होता. बाई म्हणून मला ते कळतं. पण त्या क्षणी मला वाटलं, हे दूध आपल्याच हातानं ओतून द्यावं कुठंतरी, सगळ्या गावाचं.

दादासाहेब हसायला लागले. 'तरीच म्हटलं,' म्हणाले. सगळी पंगत हसली. कुणी वाईट हसलं नाही, सुटल्यासारखी हसली मंडळी. पण त्यांचा हात तसाच होता, घास तसाच तिच्या ओठांशी. 'आता हट्ट पुरे, शशे. घे.'

मला वाटलं, ती उठेल. तिला ओळखत होते ना मी. जिनं परक्या शेतावर शेंगदाणे आहेत म्हणून सांगून टाकलं, ती बाई इथे उठेल, माझा हात धरेल आणि आम्ही चालू पडू. मी पदर खोचलासुद्धा. तिनं एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा त्या घासाकडे, आणि तोंड उघडलं.

दादासाहेबांचे डोळे भरून आले. मिलिंदनं टाळी वाजवली. मग तिच्यापुढे पान मांडलं गेलं, वरणभातावर तूप वाढलं गेलं, आणि ती जेवली. सगळं जेवली.

परतीच्या बसमध्ये डबा तिच्या मांडीवर होता, घासून पुसून रिकामा. घाटाबिल्लौदचा थांबा मागे गेला. मग ती म्हणाली, 'थकले गं मी. मला घरी जायचं होतं. गेले.' मी तिचा हात धरला, तर तो भुट्टे किसून किसून खरखरीत झालेला होता.

त्यानंतर तिचं माहेर सुरू झालं. महालक्ष्म्यांना, दिवाळीला, दादासाहेबांच्या तब्येतीला, कशालाही बोलावणं यायचं आणि ती जायची. वहिनी आता खालच्या खोलीतून मोठ्यानं फोन करत. भिशीत ती रिकाम्या हातानं यायला लागली, आणि जे समोर येईल ते खायला लागली. बायकांनी एकमेकींना सांगितलं, बरं झालं बाई, शशीताई सुधारली. मला त्यांच्या झिंज्या उपटाव्याशा वाटायच्या, पण भांडण तरी कशावरून काढायचं? तिनं स्वतःच सगळ्यांशी समेट केला होता. एकदा मी तिच्या खोलीवर मुद्दाम शेंगदाण्याच्या दह्याची कढी करून नेली. ती वाटीभर प्यायली, छान झालीय म्हणाली, आणि दूध घातलेला चहा मला करून दिला. स्वतःही प्यायली. त्यानंतर मी पुन्हा काही करून नेलं नाही.

तिला शेवटची पाहिली ती हाटपिपल्याला, मिलिंदच्या मुलाच्या लग्नात. मुलगी तिथली. दादासाहेब आता पार वाकले होते, खुर्चीत बसवून ठेवलेले, आणि शशीताई त्यांच्या शेजारी, हातात रबडीची वाटी. मी त्या दोघांच्या बाजूला खुर्ची ओढून बसले. मंडपाच्या एका कोपऱ्यात केटररनं एक छोटं टेबल लावलं होतं, त्यावर पाटी : व्हीगन. मिलिंदची मुलगी ईशा बंगलोरला नोकरी करते, तिनं हट्टानं लावून घेतलं होतं म्हणे. तिकडे कुणीही फिरकत नव्हतं.

ईशा आपली ताटली घेऊन आमच्याकडे आली. गोड पोरगी, मराठी तिचं मोडकंतोडकं. शशीताईसमोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, 'आत्याआजी, पापा सांगत होते, तू पण दूध सोडलं होतंस. सच में? इतक्या आधी?' तिचे डोळे असे चमकत होते, जणू तिला या सगळ्या मंडपात एकच आपलं माणूस सापडलंय.

दादासाहेबांनी मान वळवली. ऐकू कमी येतं त्यांना, पण हे आलं असावं. त्यांचा हात शशीताईच्या मनगटावर होता.

'छे गं,' शशीताई म्हणाली. 'तेव्हा माझ्या पोटाची तक्रार होती.'

पोरीचा चेहरा पडला. ती 'अच्छा' म्हणून उठली आणि आपल्या त्या टेबलापाशी जाऊन एकटीच उभ्याने जेवायला लागली. शशीताई रबडी खात होती. वाटी संपेपर्यंत तिनं त्या मुलीवरची नजर काढली नाही.